सोनजाळी

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. आमच्या बाबांनी जाताना दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक त्यांची कलमाची सुरी, ती मला मिळाली. दुसरं एक वाक्य, ते माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला आलं. "याच्या हातून काही व्हायचं नाही," असं ते खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाले. भाऊ तेव्हा औषधाची बाटली घेऊन दारातच उभा होता. त्याने बाटली टेबलावर ठेवली, चमचा पुसला आणि बाहेर जाऊन कुंड्या भरायला बसला.

त्याला सगळे घुम्या म्हणतात. मीसुद्धा म्हणते. विचारलं तर उत्तर, नाहीतर तोंडाला कुलूप. शाळेत तीनदा नापास झाला. छापखान्यातली नोकरी दोन महिन्यांत सुटली. एकदा लग्न ठरत आलं होतं, तेही फिसकटलं. मुलगी म्हणाली, हा माणूस तासभर माझ्यासमोर बसला आणि खिडकीतल्या कुंडीकडे बघून म्हणाला, 'हिला पाणी जास्त होतंय.' बस्स, तेवढंच. तेव्हा मी पोट धरून हसले होते. तो पण कसनुसा हसला होता. आता आठवलं की माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आमची नर्सरी पानांची. फुलांच्या भानगडीत बाबा कधी पडले नाहीत. दोन शेड, मागे राहायच्या दोन खोल्या, आणि शेडमध्ये बाकांवर ओळीने कोलियस. मखमलीसारखी मऊ पानं, कडेला दाते, आणि रंग म्हणाल तर लाल, जांभळा, पोपटी, गुलाबी, जे मागाल ते. फूल यायला लागलं की आम्ही तुरा लगेच खुडतो, कारण तुरा ठेवला की झाड उंच होऊन पोकळ दिसतं. माती, पाणी, खुडणं हे घुम्याचं काम. कटिंग माझं. बोटभर शेंडा, पेराच्या जरा खाली छाट, खालची पानं काढायची, ट्रेमध्ये खोचायचा. दहा-बारा दिवसांत मुळं. दिवसाला चारशे शेंडे मी गप्पा मारता मारता उरकते. बाबांच्या सुरीशिवाय मला दुसरी सुरी चालत नाही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शेवटच्या बाकावर आमच्याकडचा सगळ्यात साधा कोलियस असायचा. हिरवं पान, मध्ये तपकिरी डाग. दहा रोपं घेतली की वर एक फुकट द्यायचो, तो हा. एका सकाळी घुम्याने मला हाक मारली, "ताई, इकडे ये." त्याने आपणहून हाक मारली म्हटल्यावर मला वाटलं, साप निघाला असणार. धावत गेले. बघते तर त्या फुकट्या रोपांतल्या एकाची एक फांदी वेगळीच. पानाच्या शिरा न् शिरा पिवळ्याधमक, आणि मधला तपकिरी रंग जाऊन तिथे तांबूस झाक. उन्हात धरलं तर पानावर कुणी सोन्याच्या तारेची जाळी विणलीय असं वाटावं.

"खत कमी पडलं असेल," मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला.

त्याने ती फांदी कापली, वेगळ्या कुंडीत लावली. तिचे शेंडे घेतले, त्यांचे पुन्हा शेंडे घेतले. पहिल्या शेडच्या टोकाला तिच्यासाठी वेगळा बाक केला, वेगळं ब्लेड ठेवलं. चार वर्षं मला हात लावू दिला नाही. रंग टिकला. नाव मात्र मी ठेवलं, सोनजाळी. त्याला नाव सुचायला आणखी चार वर्षं लागली असती.

आणि काय सांगू, माणूस बदलला हो! गिऱ्हाईक आलं की आधी हा माझ्या मागे लपायचा. आता सोनजाळी बघायला लोक यायला लागले आणि हा पुढे होऊन सांगायला लागला. सकाळचं ऊन द्या, दुपारचं नको. पाणी मुळाशी घाला, पानावर नको. झाडांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा मंचावर जाऊन चार वाक्यं बोलला. मी मोजली. पाचवं बोलणार होता, पण माइक काढून घेतला. मी खाली बसून रडत होते, आणि शेजारचीला सांगत होते की डोळ्यात काहीतरी गेलंय.

या वर्षी सोनजाळीची नवीन वाण म्हणून नोंद व्हायची होती. नोंदवहीत झाडाचं नाव, त्याच्यापुढे शोधणाऱ्याचं नाव. त्याने नवीन शर्ट आणला. आरशासमोर उभा राहून म्हणाला, "ताई, बाबा असते तर..."

"असते तर जन्मात पहिल्यांदा गप्प बसले असते," मी म्हटलं.

तो मोठ्याने हसला. पन्नाशी उलटलेला माझा भाऊ, त्याचं असं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आता माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी सोनजाळीची मागणी इतकी वाढली की त्याच्या एकट्याच्या हाताला कटिंग आवरेना. मग त्याने तो बाक माझ्याकडे दिला. देताना एवढंच म्हणाला, "ताई, प्रत्येक झाडानंतर सुरी स्पिरिटमध्ये बुडव." सगळ्या बाकांवर त्याने स्पिरिटच्या बरण्या ठेवल्या होत्या. मी हो म्हटलं. पण बाबा म्हणायचे, स्पिरिटने धार मरते. बाबा सुरी अॅप्रनला पुसायचे, मीही पुसायची. घुम्या समोर असला की बुडवायची, त्याची पाठ वळली की अॅप्रन.

आणि माझा एक नेम होता. सकाळी दगडावर सुरी घासली की पहिला छाट सोनजाळीचा. ज्या झाडाने भावाला बोलतं केलं त्याच्यापासून दिवस सुरू करायचा, म्हणजे हाताला यश येतं, असं माझ्या डोक्यात बसलेलं. आधी सोनजाळीचे शंभरेक शेंडे, मग बाकीच्या सगळ्या ओळी, एकामागून एक. दोन वर्षांत एक दिवस चुकवला नाही. या गोष्टीचा मला केवढा अभिमान होता!

गेल्या वर्षापासून इतर रोपं रोडावायला लागली. पानं आखडायची, कडा वळायच्या, रंग विटायचा. आम्ही मातीला दोष दिला, पाण्याला दिला, उन्हाला दिला. घुम्याने सगळी माती बदलली. पाठ धरली त्याची, पण बदलली. फरक शून्य. मोठ्या बागेचा बागवाला आमची रोपं नेऊन वाफे भरायचा. तो एक दिवस तणतणत आला, "अहो, तुमची रोपं बसकण मारतायत! मी लोकांना काय तोंड दाखवू?" मी त्याला म्हटलं, तुम्हाला पाणी घालायची अक्कल नाही. चांगलं खडसावून परत पाठवलं.

मग नोंदीच्या आधीची तपासणी आली. तपासणीवाली बाई तरुण होती, बोलायला मऊ. तिने सोनजाळीची पानं घेतली, बाकीच्या ओळींतलीही घेतली, प्रत्येक पिशवीवर आकडा टाकला. घुम्याने तिला सगळी शेड फिरवून दाखवली. तिच्याशी तो इतका बोलला की मी चहा ठेवायचंच विसरले.

दोन आठवड्यांनी ती परत आली. या वेळी बसली नाही. हातात कागद होता, पण तिने तो पुढे केला नाही.

"दादा, ही जाळी म्हणजे झाडाचा रंग नाही," ती म्हणाली. "रोग आहे. विषाणू. तो शिरांमधून पसरतो, म्हणून शिरा पिवळ्या दिसतात."

"अहो बाई, सहा वर्षं जगतंय ते!" मी उसळले. "बक्षीस मिळालंय त्याला! आजारी झाडाला कुणी बक्षीस देतं का?"

"जगतं ना. हळूहळू खंगतं, पण या जातीत आधी सुंदर दिसतं. दुसऱ्या जातींत नुसतंच खंगतं." मग तिने विचारलं, "तुमच्या सगळ्या ओळींत पसरलाय. हा सहसा सुरीवरून पसरतो. कटिंग कोण करतं? आणि सुरुवात कुठल्या झाडापासून करता?"

हाताकडे लक्ष गेलं तर सुरी हातातच. अॅप्रनवर हिरवे पट्टे, त्या सकाळचे. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आयुष्यभर टकळी चालवणाऱ्या या बाईच्या तोंडून तेव्हा शब्द फुटला नाही.

"मी करतो कटिंग," घुम्या म्हणाला. "सुरुवात सोनजाळीपासून करायचो. चूक माझी आहे."

बाईने कागदावर लिहून घेतलं. आणि मी ते लिहू दिलं.

दोन्ही शेड रिकाम्या करायला सांगितलं. एकूण एक रोप उपटायचं, खड्ड्यात जाळायचं, बाक धुवायचे, सुऱ्या उकळायच्या. नोंदीचा प्रश्नच मिटला. ती निघाली तेव्हा घुम्या तिच्या मागे फाटकापर्यंत गेला. मीही गेले.

"बरं नाही का करता येत?" त्याने विचारलं.

ती थांबली. म्हणाली, "शेंड्याच्या अगदी टोकाला सुईच्या अग्राएवढा भाग असतो. तिथवर रोग सहसा पोचलेला नसतो. प्रयोगशाळेत तो काचेच्या नळीत वाढवून निरोगी रोप करता येतं. वेळ लागतो. पण दादा, रंगाचं मी काही..."

"करा," तो म्हणाला. "तेवढं करा."

तिचं अर्धं राहिलेलं वाक्य मला पुरतं कळलं होतं. त्याने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. तिने सोनजाळीचे सहा शेंडे ओल्या कागदात गुंडाळून नेले.

पुढचे तीन दिवस आम्ही रोपं उपटत होतो. दोघंच. माणसं लावू म्हटलं तर तो नको म्हणाला. तीन हजारांच्या वर रोपं, प्रत्येक त्याच्या हाताने लावलेलं. सोनजाळीचा बाक त्याने शेवटी ठेवला. ओल्या पानांचा धूर फार होतो, डोळे चुरचुरतात, त्यामुळे कोण कशाने रडतंय ते विचारायची गरज पडली नाही. आणि त्या धुरात मी आणखी एक उद्योग केला. सोनजाळीचा एक शेंडा खुडून अॅप्रनच्या खिशात टाकला. माझ्या खोलीत, पडद्यामागे, काचेच्या बरणीत पाण्यात ठेवला. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. सगळंच्या सगळं जाळवेना.

मग सात महिने गेले. बाक धुतले, चुना मारला, विकत आणलेल्या बियांपासून नवीन रोपं केली. साधी, हिरवी, मध्ये तपकिरी डाग. मी आता प्रत्येक छाटाला सुरी स्पिरिटमध्ये बुडवायची. एकदा, दोनदा, कुणी बघत असो नसो. घुम्या पुन्हा घुम्या झाला. गिऱ्हाईक आलं की शेडच्या मागच्या बाजूला जायचा. नवीन शर्ट घडीचा तसाच कपाटात. फक्त टपालवाला दिसला की फाटकाशी जाऊन उभा राहायचा. प्रयोगशाळेची पत्रं तो पाठ होईपर्यंत वाचायचा. एकात लिहिलं होतं, सहांपैकी पाच नळ्या वाया गेल्या, एक धरलीय. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

ते रोप आलं तेव्हा करंगळीएवढं होतं. सोबत कागद होता, त्यावर शिक्का, पूर्ण निरोगी. चार पानं, चारही हिरवी.

"लहान आहे अजून," घुम्या म्हणाला.

"हो ना," मी म्हटलं. "सोन्यालाही वेळ लागतो."

त्याने त्याला सोनजाळीच्या जुन्या बाकावर ठेवलं. सकाळचं ऊन दिलं, दुपारी वर सावलीचं कापड ओढलं. तळहाताने माती चाचपून पाणी घातलं. बाळंतिणीची काळजी घ्यावी तशी घेतली. नवीन पान उमललं की ते दोन बोटांत अलगद उजेडाकडे धरायचा, शिरा बघायचा, सोडून द्यायचा. पाचवी जोडी आली. सहावी आली. सातव्या जोडीला पानाच्या मधोमध तपकिरी डाग उठला. आठव्या जोडीनंतर तो पान उजेडाला धरायचा थांबला.

तो फुकट्या कोलियस होता. दहा रोपांवर एक द्यायचो तो. रोग गेला आणि त्याच्याबरोबर जे काही होतं तेही गेलं.

त्या संध्याकाळी मी माझ्या खोलीतून बरणी आणली. आत सोनजाळी होती. मधल्या काळात तिचे तीनदा शेंडे घेऊन मी ती टिकवली होती, पण पानं नखाएवढी झाली होती, कडा वळलेल्या. जाळी मात्र तशीच, पिवळीधमक. मी बरणी त्याच्यासमोर बाकावर ठेवली, त्या निरोगी रोपापासून वीतभर लांब, आणि शेजारी बाबांची सुरी ठेवली.

तो बरणीकडे बघत राहिला. इतक्या महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं.

"एकच छाट," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "आधी हिला, मग याला. न पुसता. पुन्हा जाळी येईल. वेगळी ठेवू, कुणाला विकायची नाही, दाखवायची नाही. फक्त तुझ्यासाठी. ऐकतोयस ना?"

मग माझ्याच्याने राहवेना.

"अरे, मीच केलं ते! ती सुरी माझी होती. तुझी पाठ वळली की मी अॅप्रनला पुसायची. तू बाईला खोटं सांगितलंस आणि मी उभी राहून ऐकलं. बोल ना मला काहीतरी! शिव्या दे!"

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुझे अॅप्रन मीच धुतो, ताई. आणि स्पिरिट कधी कमीच व्हायचं नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"बाबांची सुरी होती," तो म्हणाला. "तुला ती एवढी आवडायची."

त्याने सुरी उचलली. क्षणभर मला वाटलं, करतोय. त्याने ती उजेडात धरून धार बघितली, पातं मिटवलं आणि ती माझ्या खिशात टाकली.

"नको, ताई. ते बरं झालंय. त्याला पुन्हा कशाला आजारी पाडायचं?"

मग बरणीतली काडी बाहेर काढून त्याने तळहातावर धरली. "हीसुद्धा राहणार नाही. महिना, दोन महिने." तो आत गेला, शेगडीवर पाणी ठेवलं, उकळी येऊ दिली आणि ती त्यात टाकली. पिवळी जाळी पाण्यात करडी झाली. दोघंही बघत होतो.

"बाबांनी बरोबर ओळखलं होतं मला," तो म्हणाला.

एरवी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं. बाबांना तर मी त्यांच्या तोंडावर दहादा सुनावलं असेल. पण तेव्हा त्या वाफेसमोर उभी राहून मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो ठेवू दिला, एवढंच.

सकाळी बघते तर सोनजाळीचा बाक रिकामा. ती कुंडी त्याने बियांपासूनच्या रोपांच्या ओळीत नेऊन ठेवली होती. मी म्हटलं, "अरे, निदान चिठ्ठी तरी लाव त्याला." तो म्हणाला, "कशाला?"

दुपारी बागवाला टेम्पो घेऊन आला. पुन्हा आमच्याकडे आला हेच खूप. त्याला वाफ्यांच्या कडेला लावायला साधी रोपं हवी होती, जेवढी असतील तेवढी. घुम्या ती ओळ उचलून टेम्पोत भरायला लागला, एका वेळी चार कुंड्या, छातीशी धरून. मी फळीजवळ उभी राहून एकेक कुंडी न्याहाळत होते. हिरवं पान, तपकिरी डाग. हिरवं पान, तपकिरी डाग. मला ओळखता येईना. एकदा वाटलं ते हे, मग वाटलं शेजारचं. टेम्पोची फळी लागली, बागवाल्याने हात हलवला, गाडी फाटकाबाहेर पडली.

"आपलं कुठलं होतं रे?" मी विचारलं.

"त्यातलंच एक," घुम्या म्हणाला, आणि जाऊन कुंड्या भरायला बसला.